उतरायची सोय

परवा सकाळी वारज्याच्या सर्व्हिस रोडवर कडब्याने भरलेला एक टेम्पो समोरून आला. विरुद्ध दिशेने, म्हणजे नेहमीसारखाच. मी फुटपाथवर होते, पण तिथला फुटपाथ एका विजेच्या पेटीपाशी संपतो आणि पेटीच्या पलीकडे पुन्हा सुरू होतो. मधला तुकडा ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर पार करायचा असतो. मी पेटीला पाठ लावून उभी राहिले. टेम्पो इतक्या जवळून गेला की कडब्याची दोन-तीन पानं शालीला अडकून राहिली. वाळलेल्या ज्वारीचा तो वास थोडा गोडसर, थोडा धुळीचा, नाकाला जरासा टोचणारा. माघ सरून फाल्गुन लागला की तो अजून कुठून तरी येतोच, जरी आता इथे दोन-चार मैलांत ज्वारीचं एक ताट उभं दिसत नाही. जिथे शाळू होता तिथे बारा मजले उभे आहेत. त्यांतल्या सहाव्या मजल्यावर मी राहते, तेव्हा तक्रार करायचा मला फारसा अधिकार नाही.

आमच्या भागातल्या तरुण मुलामुलींनी अलीकडे सुरक्षित चालणं आणि सायकल चालवणं यांसाठी एक गट काढला आहे. गट निघाला की उद्घाटन येतं आणि उद्घाटन आलं की फुग्यांची कमान येते. कमान नेमकी फुटपाथवर उभारली होती, त्यामुळे सुरक्षित चालण्याचं उद्घाटन होईपर्यंत दीड तास सगळे पादचारी रस्त्यावरून चालत होते. पाहुणे गाडीतून आले, सायकलवर बसून त्यांनी फोटो काढून घेतला आणि गाडीतून गेले. सायकल कुणाची होती कोण जाणे. तिचा मालक मागे कुठेतरी टाळ्या वाजवत असणार.

पण कमान उतरल्यावरही ती मुलं टिकली, हे मान्य केलं पाहिजे. दर रविवारी सकाळी ती खडू घेऊन हिंडतात. कुठे फरशी उचकटली आहे, कुठे सावली आहे, कुठे टेकायला कट्टा आहे, कुणाच्या दुकानात हवेचा पंप फुकट मिळतो, हे सगळं एका मोठ्या नकाशावर टिपतात. त्यांच्यातली सायली आमच्याच इमारतीतली. ती तो नकाशा गुंडाळून माझ्याकडे आली.

"काकू, तुमच्या एजच्या लोकांना वॉकिंगमध्ये एक्झॅक्टली काय प्रॉब्लेम येतात ते मार्क करायचंय."

"गुडघ्यापासून सुरुवात करू?"

ती हसली नाही. तिने 'गुडघे' असं लिहून घेतलं. मग विचारलं, "फुटपाथवर चढणं डिफिकल्ट होतं का?"

"चढणं नाही गं. चढताना माणूस काहीतरी धरतो. उतरणं अवघड."

बोलून गेले आणि लक्षात आलं, की वाक्य माझ्या तोंडचं असलं तरी त्यातली बाई दुसरीच होती. ती माझी आई.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षाची गोष्ट. आम्ही तेव्हा नारायण पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. आई प्रशिक्षित सुईण होती. शहरातल्या एका प्रसूतिगृहात तिने बारा वर्षं काढली होती. बाळं तिच्या हातावर येत आणि पेढे मेट्रनबाईंच्या टेबलावर जात, असं अण्णा म्हणत. अण्णा म्हणजे माझे वडील. एका कचेरीत कारकून, आणि सगळ्या जगाकडे कचेरीत आलेल्या अर्जासारखं बघणारे. त्या पौषात आईला वारज्याच्या बाजूच्या एका नव्या आरोग्यकेंद्रात जागा मिळाली. तिथे मेट्रन नव्हती. एक कंपाउंडर, एक कपाट आणि आसपासच्या दहा-बारा वस्त्या, एवढाच कारभार. पण तो आईच्या हातात. अट एकच. वस्त्या लांब, एसटी सकाळ-संध्याकाळ, म्हणून बाईंना सायकल आली पाहिजे. तीन महिन्यांच्या आत अधिकारी येऊन समक्ष बघतील. आली तर जागा कायम, नाही तर परत प्रसूतिगृहात, मेट्रनबाईंच्या हाताखाली.

आई तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती आणि तिने सायकलच्या हँडलला कधी हातही लावला नव्हता.

"घरात दोघी परीक्षेला बसल्यात," अण्णा म्हणाले. "बघू कोण आधी पडतंय."

"अहो, निदान शिकवा तरी," आई म्हणाली.

अण्णांनी एक दिवस शिकवलं. ते वीस वर्षं पँटला चिमटा लावून सायकलवर कचेरीत जात होते, पण शिकवण्याची त्यांची पद्धत म्हणजे होऊ शकणाऱ्या चुकांची यादी. ती यादी संपेपर्यंत ऊन चढलं. दुसऱ्या दिवसापासून शिकवणं माझ्याकडे आलं.

सायकल केंद्राचीच होती, शिकेपर्यंत घरी आणलेली. लेडीज, काळी, मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. कोठीत वर्षानुवर्षं पडून तिच्या सीटचा दांडा पाइपात गंजून बसला होता, आणि बसला होता तोही पार वर. आई पाच फुटांना दोन बोटं कमी. सीटवर बसल्यावर तिचे पाय जमिनीच्या वीतभर वर लोंबायचे. सायकलच्या दुकानदाराने पान्हा लावून पाहिला, तेल सोडून पाहिलं, शेवटी म्हणाला, "ताई, हा दांडा आता कापल्याशिवाय निघत नाही." केंद्रातला कंपाउंडर ते ऐकून हादरला. "कापता कसं येईल? सरकारी सामान आहे, डेडस्टॉकच्या वहीत नोंद आहे!" मग परवानगीसाठी अर्ज गेला. त्याचं उत्तर आलं तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. उत्तर नकाराचं होतं.

पहाटे साडेपाचला आम्ही नदीकाठच्या मैदानावर जायचो. थंडी इतकी की घंटी वाजवायला अंगठा वळत नसे. मी एका हाताने कॅरियर धरून धावायची आणि दुसऱ्या हातात इतिहासाची वही धरायची, कारण वेळ वाया घालवणं आमच्या घरात बसत नव्हतं. मैदानावर फिरायला येणारे एक काठीवाले गृहस्थ रोज थांबून सल्ला देत.

"बाई, समोर बघा. खाली बघितलं की माणूस खालीच जातो."

"समोर तुम्ही उभे आहात!" आई ओरडायची. "आधी तुम्ही बाजूला व्हा!"

पंधरा दिवसांत तिला तोल आला. महिन्याभरात ती सरळ, ताठ, अगदी झोकात सायकल चालवू लागली. पण एक गोष्ट जमली नाही ती नाहीच. तिला उतरता येईना. चालत्या सायकलवरून पाय पुढून काढून उडी टाकणं एकदाच करून पाहिलं. तेव्हा लुगड्याचा काठ चेनमध्ये गेला, कोपर फुटलं, आणि त्यानंतर तिने तो विषय बंद केला. तिने स्वतःची युक्ती काढली. एखादा कट्टा, पायरी, दगड दिसला की त्याच्या शेजारी ब्रेक दाबायचा, पाय दगडावर टेकायचा आणि एखाद्या राणीसारखं खाली यायचं. चढतानाही तसंच. दगड असेल तर सगळं ठीक. दगड नसेल तर ती पुढचा दगड येईपर्यंत सायकल चालवत राही.

पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं असं आता सभांमधून हळव्या आवाजात सांगतात. होतं खरं. सकाळी दहाच्या सुमाराला लकडी पुलावर नदीपेक्षा सायकलींचा लोंढा मोठा असायचा. पण असं सांगताना लोकांना सायकली आठवतात, फुटलेली कोपरं आठवत नाहीत. रस्ता सगळ्यांचा असतो म्हणतात. तो मनात धरून केलेला असतो मात्र एका ठरावीक माणसाला. त्या माणसाचे पाय लांब असतात, तो घाईत असतो आणि त्याला मध्ये कुठे थांबायचं नसतं. माझ्या आईला थांबायचं होतं. किंबहुना तिची नोकरीच थांबण्याची होती.

माघात ती वस्त्यांवर जाऊ लागली. वारज्याच्या पलीकडे तेव्हा कालव्याच्या कडेने कच्चा रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा शाळू. वाऱ्याने तो सळसळला की पाऊस येतोय असा भास व्हायचा, आणि वर बघावं तर आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. त्या हिरव्या-पिवळ्या बोळातून आईचा आवाज आधी यायचा आणि सायकल मागून: "अहो, धरा! कुणीतरी धरा!" पहिले काही दिवस लोक हातातलं काम टाकून धावत. मग धावण्यापेक्षा सोपं काहीतरी त्यांचं त्यांनाच सुचलं. धोंडाबाईच्या गोठ्यापुढे एक दिवस फुटकी दगडी कुंडी पालथी घातलेली दिसली. शाळेपाशी कुणीतरी मैलाचा पडलेला दगड आणून रोवला. केंद्राच्या दारात जात्याच्या दोन तळ्या एकावर एक ठेवलेल्या दिसल्या. कुणी ठराव केला नाही, कुणाला कुणी सांगितलं नाही. पिकात दगड दिसत नाही असं आई एकदा म्हणाली, तर पुढच्या आठवड्यात सगळ्या दगडांना चुना फासलेला.

मग त्या दगडांना दुसरीही गिऱ्हाइकं मिळाली. गवताचा भारा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बायका तो दगडावर टेकवून उतरवू लागल्या. एरवी भारा उतरायला दुसरं माणूस लागतं. म्हातारे टेकू लागले. शाळेतली पोरं चपलेतला काटा काढायला बसू लागली. हे मी सायलीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "पण काकू, हे कोऑर्डिनेट कोण करत होतं?" मी म्हटलं, "ज्याच्या दारात आई पडायची शक्यता होती, तो."

एका वस्तीवर मात्र दगड नव्हता. कालव्याच्या वळणावर तात्यांची वस्ती होती. तात्या म्हणजे साठीचे, मोठे बागायतदार, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं कमी आणि त्यातलं निम्मं नकाराचं. आई पहिल्यांदा तिथे सायकल आधीच्या दगडापाशी ठेवून पायी गेली, तर त्यांनी बांधावरच अडवलं.

"इथं कुणी आजारी न्हाई बाई."

"आजारी नाही हो. तुमच्या धाकट्या सूनबाईंना दिवस आहेत ना, त्यांना एकदा बघून जाते."

"आमच्यात बायका बाळंत व्हायला सायकलीची गरज पडली न्हाई आजवर. आन् रोज हितनं घंटी वाजवत जाताय, सुना बघत्यात. उद्या त्यास्नी बी सायकल लागंल."

आई परत फिरली. धाकटी सून म्हणजे हौसा; अठरा-एकोणीसची, पहिलटकरीण, आठवा महिना लागत आलेला. तिच्या माहेरी करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. तात्यांची विहीर रस्त्याला लागून होती आणि आई जायच्या वेळेला हौसा तिथे पाणी शेंदत असायची. तिथे पायी थांबायला मज्जाव, आणि सायकलवरून थांबायला दगड नाही. म्हणून आईने जाता जाता तपासणी सुरू केली. चिंचेच्या झाडापासून घंटी वाजवायची, हौसा मान वर करायची, आणि सायकल विहिरीपुढून जाईपर्यंत एक प्रश्न आणि एक उत्तर एवढं व्हायचं.

"पाय सुजतात का गं?"

"सांजच्याला!"

दुसऱ्या दिवशी: "मीठ तोड! लोणचं, पापड बंद!"

"मग भाकरी कशासंगं खाऊ?"

या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या दिवशी. आई घरी येऊन हे सांगायची तेव्हा अण्णा म्हणायचे, "टपालखातं बरं यापेक्षा." पण आई हसायची नाही. ती पोळपाटावर हात ठेवून थांबायची आणि म्हणायची, "तिचे पाय मला एकदा हातात घेऊन बघायला हवेत. अशी सूज वाढत गेली तर पहिलटकरणीला झटके येतात." एका रात्री जेवताना तिने हे तीनदा म्हटलं.

फाल्गुनात काढणी सुरू झाली. पंधरा दिवसांत ते हिरवं बोळ नाहीसं झालं. शेतं एकदम उघडी पडली, खळ्यांवर कणसांचे ढीग लागले, आणि कडब्याच्या पेंढ्या रचून रस्त्याकडेला गंजी उभ्या राहिल्या. माझी परीक्षाही त्याच आठवड्यात आली आणि आईचीही. माझ्या बीजगणिताच्या पेपराच्या दिवशीच अधिकारी येणार असं पत्र आलं. पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला आईने सांगितलं आणि नंतर कंपाउंडरने, आणि दोघांच्या सांगण्यात फरक होता तो एवढाच, की कंपाउंडरच्या गोष्टीत त्याची चूक नव्हती.

साहेब जीपने येणार म्हणून केंद्राचं आवार झाडून काढलं. दाराला तोरण लावलं. पायऱ्यांवर रांगोळी काढली. ओसरीवर टेबल मांडून त्यावर कुणाच्या तरी लग्नातला टेबलक्लॉथ घातला. आणि साहेबांना आवार कसं स्वच्छ दिसलं पाहिजे म्हणून कंपाउंडर आणि गावचे सरपंच यांनी मिळून आवारातले सगळे दगड उचलून नेले. जात्याच्या तळ्याही. सरपंच कामाला लागले की अर्ध्यावर सोडणारे नव्हते. जीपला अडथळा नको म्हणून शाळेपाशी रोवलेला दगडही उपटला, गोठ्यापुढची कुंडीही हलवली. आई साडेनऊला एसटीतून उतरून चालत आली तेव्हा सगळं चकाचक झालेलं होतं आणि साहेब खुर्चीवर बसलेले होते.

"चालवून दाखवा बाई," साहेब म्हणाले. ते स्वतः डॉक्टर होते, वयस्कर, जरा थकलेले.

कंपाउंडरने सायकल धरली, आई चढली. आवारात तिने एक फेरी मारली. दुसरी मारली. ताठ, झोकात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कंपाउंडर चहा आणायला आत गेला.

"छान. उतरा आता," साहेब म्हणाले.

आईने आवारभर नजर फिरवली. पायऱ्यांवर रांगोळी, ओसरीच्या कडेला ओळीने उभी असलेली प्रतिष्ठित मंडळी. टेकायला काही म्हणता काही नाही, आणि साहेबांपुढे 'धरा' म्हणायचं म्हणजे नापासच व्हायचं. तिने तिसरी फेरी मारली. चौथी मारली.

"बाई, पुरे! उतरा!"

"हो साहेब!" आई म्हणाली, आणि पाचवी फेरी पुरी न करता फाटकातून बाहेर पडली.

तिचा विचार असा, की शाळेच्या दगडावर उतरायचं आणि पाच मिनिटांत पायी परत यायचं. शाळेचा दगड नव्हता. मग गोठ्याची कुंडी, तीही नव्हती. आता पुढचा दगड कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या झोपडीपाशी, तात्यांच्या वस्तीच्या पलीकडे. आई पुढे सांगायची, "मला ब्रेक दाबता येत होते गं, पण दाबून करू काय? आडवी होऊन साहेबांपुढे धुळीने माखून जाऊ? जागा गेलीच असं मी समजले. म्हटलं, गेलीच आहे तर हौसाला तरी विचारून येऊ, कशी आहेस."

चिंचेपाशी तिने घंटी वाजवली. हौसाने मान वर केली नाही. ती विहिरीच्या काठाला टेकून खाली बसली होती आणि घागर बाजूला आडवी पडून पाणी वाहत होतं.

"हौसा! डोकं दुखतंय का?"

हौसाने आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. तोंड सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. "बाई, दिसंना नीट," ती म्हणाली. "काजवं चमकत्यात म्होरं."

एवढं ऐकेपर्यंत सायकल विहिरीच्या पुढे गेली होती. समोर बांधाला लागून तात्यांच्या कडब्याची नवी गंज होती. आईने हँडल वळवलं आणि सायकल सरळ तिच्यात घातली.

कंपाउंडर म्हणायचा की आवाज फाटकापर्यंत आला. ते काही खरं नाही. फाटक मैलावर होतं. पण पेंढ्या ढासळल्या, सायकल आत रुतली आणि आई कडब्यातून चारी हातापायांवर बाहेर आली. तात्या खळ्यावरून ओरडत धावले. आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने हौसाला कुशीवर निजवलं, तिचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. कितीतरी वेळ तसाच राहिला. तात्या तो खड्डा बघत उभे राहिले.

बाई पळून कुठे गेल्या ते बघायला निघालेली जीप तेवढ्यात तिथे पोचली. साहेब उतरले, गुडघ्यावर बसले, त्यांनीही अंगठा दाबून पाहिला. सायकलचा विषय कुणी काढला नाही.

"ही कुणाकडची?" त्यांनी विचारलं.

"माझी सून हाय जी," तात्या म्हणाले.

"मग बसा जीपमध्ये. वेळ नाही."

हौसाला घेऊन जीप शहराकडे निघाली. मागे आई, तिच्या मांडीवर हौसाचं डोकं. पुढे तात्या, दोन्ही हातांनी पागोटं धरून बसलेले. रस्ता खाचखळग्यांचा होता तेव्हा. हौसाला वाटेतच पहिला झटका आला, आणि आईने पदराचा बोळा तिच्या दातांत धरून ठेवला. दवाखाना यायला अजून मैल-दीड मैल होता. त्या वेळी मी शाळेच्या बाकावर बसून दोन गाड्या कुठे भेटतील याचं गणित सोडवत होते.

हौसा वाचली. मुलगी झाली, दिवसांच्या आधी, इतकी लहान की आई म्हणाली, "तळव्यावर मावली, आणि वर थोडी जागाही उरली." तीही वाचली.

त्या संध्याकाळी आई घरी आली तेव्हा तिच्या अंबाड्यात ज्वारीचं पातं अडकलेलं होतं. अण्णांनी ते काढून हातात धरलं. मग जपून आपल्या कचेरीच्या वहीत ठेवून दिलं. मी त्यांना असं करताना आधी पाहिलं नव्हतं.

आई मात्र नोकरी गेल्याच्या पत्राची वाट बघत दहा दिवस राहिली. अकराव्या दिवशी कागद आला. साहेबांचा शेरा तिने इतक्या वेळा वाचून दाखवला की मला तो अजून पाठ आहे: 'सायकल चालवता येते. उतरण्याची पद्धत स्वतःची आहे. जागी कायम करावे.'

हे आठवताना मी मुद्दाम सावध राहते. चांगलं निघालं म्हणून त्या वेळचा सगळा काळ चांगला होता असं नाही. साहेब जीप घेऊन आले नसते, कंपाउंडरने दगड हलवले नसते, तर आई त्या दिवशीही एक प्रश्न विचारून पुढे गेली असती, आणि उत्तर दुसऱ्या दिवसावर पडलं असतं. दुसरा दिवस हौसाला नव्हता. एक सुरक्षित रस्ता कशाकशावर उभा असतो, आणि कशाकशावर उभा असायला नको, याचा विचार मी अजून करते. सायलीच्या नकाशावर मी शेवटी सहा ठिकाणी खुणा केल्या. इथे उतार हवा. इथे धरायला दांडी हवी. इथे, पेटीपाशी, निदान टेकायला काहीतरी हवं. तिने प्रत्येक खुणेखाली माझं म्हणणं लिहून घेतलं आणि पुढच्या रविवारी मला स्वतः चालत न्यायचं कबूल केलं, तपासायला. तिच्या इंग्रजीबद्दलचं माझं मत जरा सौम्य झालं आहे.

परीक्षा संपल्यावर, चैत्रात, मी भाड्याची सायकल घेऊन एक दिवस आईबरोबर वस्त्यांवर गेले. शेतं ओकीबोकी झाली होती, ढेकळं तापली होती, कालव्याचं पाणी खाली गेलं होतं. दगड सगळे जागच्या जागी परत आले होते. सरपंचांनी स्वतः बसवले होते आणि या खेपेला चुन्यावर गेरूची रेघही ओढली होती. ही हौस त्यांना आवरली नसावी.

तात्यांच्या वळणावर मात्र अजून दगड नव्हता. चिंचेपाशी आईने घंटी वाजवली, आणि विहिरीजवळ बांधावर एक पांढरं धोतर उठून उभं राहिलं. तात्या रस्त्याच्या मधोमध आले, पाय फाकवून उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले. तोंड मात्र त्यांनी पार उलट्या बाजूला, कालव्याकडे वळवलं होतं, जणू हात त्यांचे नव्हतेच. आई सरळ त्या हातांवर गेली. त्यांनी हँडल पकडलं. सायकल जागच्या जागी थांबली.

"तात्या, मी म्हटलं होतं ना, दगड ठेवलात तरी चालेल," आई वरूनच म्हणाली. "रोज उन्हात कशाला उभे राहता?"

"दगडाला काय कळतंय बाई, तुम्ही येताय त्ये," तात्या कालव्याला म्हणाले.

आईने सीटवरून पुढे सरकून एक पाय खाली सोडला. तो टेकला. मग दुसरा. दोन्ही पाय जमिनीवर आल्याचं त्यांना न बघता कसं कळलं कोण जाणे. पण तोवर त्यांनी हँडल सोडलं नाही. मग सायकल बांधाला टेकवून ते घराकडे वळले आणि दारातूनच आवाज दिला, "आत कोण हाय? पाट मांडा. बाई आल्यात."